गृहव्यवस्था : स्वयंपाकघर व न्हाणीघर यांस रंग कोणता द्यावा?

भाद्रपद सरून आश्विनाची चाहूल लागली, कीं आमच्या कोल्हापुरांत घरोघर एकच बोलणें सुरू होतें. नवरात्र तोंडावर आलें; घट बसण्यापूर्वीं जळमटें काढावयाचीं, भांडीं घांसावयाचीं आणि दिवाळीच्या आंत भिंतींस रंग द्यावयाचा. बाहेरच्या खोलीच्या रंगाविषयीं घरांतील सर्व मंडळी हिरिरीनें मत देतात. पाहुण्यांच्या दृष्टीस पडते ती खोली तीच ना! परंतु स्वयंपाकघर व न्हाणीघर यांचा विचार “उरलेला रंग तेथें लावून टाका” या एका वाक्यांत आटोपतो. वास्तविक घरांतील स्त्रिया, रांगतीं मुलें व वृद्ध मंडळी यांच्या दिवसाचा मोठा भाग ज्या भिंतींच्या सान्निध्यांत जातो, त्या याच भिंती. वाफ, तेल, ओल आणि बुरशी यांचा मारा सोसावा लागतो तोहि यांनाच. म्हणून या महिन्यांत त्यांचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

हल्लीं रंगाच्या दुकानांत गेलें असतां प्रत्येक डब्यावर ‘निसर्गस्नेही’, ‘हरित’, ‘गंधरहित’ अशीं विशेषणें दिसतात. चार डबे समोर मांडले, तर चारहि सारखेच सात्त्विक वाटतात! ‘पर्यावरण’ हा शब्द मोठा आहे. परंतु गृहिणीच्या दृष्टीनें त्याचा अर्थ तीन साध्या प्रश्नांत सांगतां येईल. रंग देतांना व दिल्यानंतर घरांतील माणसांच्या पोटांत व श्वासांत काय जाईल? तो रंग त्या भिंतीस मानवेल, कीं दोन वर्षांत खरवडून पुन्हा द्यावा लागेल? आणि कुंचला धुतलेलें पाणी व उरलेला रंग शेवटीं कोठें जाईल? या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं, म्हणजे डब्यावर कोणतें विशेषण छापलें आहे याची चिंता करण्याचें कारण नाहीं.

हे प्रश्न मला पूर्वीं सुचले नव्हते, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. ते आमच्याच घरांतील एका चुकीनें शिकविले. २०१९ च्या ऑगस्टांत व पुन्हा २०२१ च्या जुलैंत पंचगंगेनें आपली ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि दोन्ही वेळां राजाराम बंधाऱ्यापाशीं पाणी ५५ फुटांच्याहि पलीकडे गेलें, हें कोल्हापूरकरांस सांगावयास नको. शुक्रवार पेठ, दुधाळी, शाहूपुरी या भागांतील अनेक घरांप्रमाणें आमच्या घराच्या खालच्या मजल्यांतहि पाणी शिरलें. पाणी ओसरलें, गाळ काढला, आणि दिवाळी जवळ आली तशी सर्वांस घाई झाली. भिंती वरून कोरड्या दिसत होत्या. “पुन्हा पाणी आलें तरी पुसून घेतां येईल,” या विचारानें आम्हीं स्वयंपाकघरास व न्हाणीघरास चकचकीत तैलरंग दिला. रंग उत्तम दिसला. परंतु त्याच्या वासानें सासूबाईंचा दमा असा उसळला, कीं दिवाळीच्या चारहि दिवसांत त्या आमच्याजवळ नव्हत्या, मिरजेस नणंदेकडे होत्या. शिमग्याच्या सुमारास त्याच भिंतींवर फोड आले. नखानें टोकरलें कीं पापुद्रा निघे आणि आंत ओल व पांढरा लोणा दिसे.

पुढच्या वर्षीं तो रंग काढावयास घेतला, त्याच सपाट्यांत दारें, खिडक्या व जिन्याचे कठडे यांवरील जुना रंगहि पॉलिशकागदानें कोरडाच घासला गेला. चार दिवस घरभर बारीक धूळ उडत होती, आणि धाकट्या दिरांची वर्षाची नात त्याच धुळींत रांगत होती. तिच्या पोटांत दुखूं लागलें तेव्हां डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो असा : “कठड्यावरचा जुना रंग किती वर्षांचा होता?” घरांत एकोणीस माणसें, एकासहि उत्तर देतां आलें नाहीं. मुलीच्या रक्तांतील शिशाची तपासणी झाली. आंकडा फार मोठा निघाला नाहीं. परंतु शिशाचें प्रमाण इतकें असलें तर हरकत नाहीं, असें कोणतेंच प्रमाण नाहीं, हें डॉक्टरांनीं स्पष्ट शब्दांत सांगितलें. जागतिक आरोग्य संघटनेचेंहि मत तेंच आहे. शिसें मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाध आणतें, आणि झालेली हानि औषधानें भरून येत नाहीं. पोर आज सुखरूप आहे; तरी ते आठ दिवस घरांतील कोणीहि विसरलेलें नाहीं.

त्यानंतर मीं या विषयासंबंधीं मिळेल तें वाचलें. आमच्या कठड्याचा प्रश्न जगांत नवा नव्हता. १९०४ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें लॉकहार्ट गिब्सन नांवाच्या डॉक्टरांनीं दाखवून दिलें होतें, कीं मुलांस होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचें मूळ घराच्या ओसरीच्या कठड्यावरील रंगांत आहे. मुलें कठड्यास हात लावीत आणि तोच हात तोंडांत घालीत. घराच्या आंतील रंगकामांत सफेता म्हणजे शिशाचा पांढरा वापरूं नये, असा आंतरराष्ट्रीय करार १९२१ सालीं झाला. आपल्या देशांत मात्र घरगुती रंगांतील शिशास सक्तीची मर्यादा घालणारा नियम २०१६ सालीं निघाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें असतां कामा नये. याचा व्यवहारांतील अर्थ असा, कीं त्यापूर्वीं दिलेला कोणताहि तैलरंग, विशेषतः झगझगीत पिवळा, हिरवा वा तांबडा, संशयास्पद समजावा. तो भिंतीस घट्ट चिकटलेला असेल, तर उगीच उकरूं नये. त्यावरच नवा हात द्यावा. काढणें भागच असेल, तर पाणी मारून ओला करून काढावा. खालीं कागद वा जुनी चादर अंथरून खरवड गोळा करावी. केरसुणीनें न झाडतां ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें. आणि काम पुरें होईपर्यंत मुलें व गरोदर स्त्रिया यांस त्या भागांत येऊं देऊं नये. नवा रंग कितीहि शुद्ध आणला, तरी जुन्याची धूळ घरभर उडविली तर त्या शुद्धतेचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट भिंतीची. ओल हा रंगाचा रोग नव्हे, भिंतीचा आहे. तो रंगानें बरा होत नाहीं, केवळ झांकला जातो. कौल फुटलें आहे, नळ पाझरतो आहे, न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरतें आहे, यांपैकीं कांहींहि असेल तर गंवड्यास आधीं बोलवावें आणि रंगाऱ्यास मागून. पुरानें भिजलेली जाड भिंत वाळण्यास आठवडे नव्हेत, महिने लागतात. भिंत वाळली कीं नाहीं हें पाहण्याची सोपी युक्ति अशी : हातभर लांबरुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चारहि बाजूंनीं चिकटपट्टीनें भिंतीवर बसवावा व एक दिवस तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशीं कागदाच्या आंतल्या अंगास दंव जमलेलें दिसलें, तर भिंत अजून ओलीच आहे असें समजावें. आमच्याकडील पावसाळा लक्षांत घेतां दिवाळीपूर्वींचा काळ खरें म्हणजे रंगास घाईचाच असतो. माघ-फाल्गुनांतील कोरडी हवा त्याहून कितीतरी बरी. दिवाळीस झाडलोट व दिवे पुरे होत.

ओलीप्रमाणेंच वाफेचाहि बंदोबस्त पाहिजे. चूल गेली आणि गॅसची शेगडी आली, त्यामुळें धूर गेला. परंतु गॅस जळतांनाहि पाण्याची वाफ होते, आणि वीस माणसांचा वरणभात शिजतांना निघणारी वाफ निराळीच. बंब गेला, गीझर आला; न्हाणीघरांतील वाफ मात्र तीच. ती गार भिंतीवर जमली, कीं बुरशी धरलीच. म्हणून वरच्या बाजूस झरोका किंवा हवा बाहेर ओढणारा पंखा नसेल, तर रंगाच्या खर्चांतून चार पैसे आधीं त्याकडे वळवावे.

आतां रंगाकडे येऊं. तैलरंग पातळ करण्यासाठीं टर्पेंटाइन किंवा खनिज तेलापासून काढलेलीं द्रावकें घालतात. रंग वाळतो म्हणजे हीं द्रावकें हवेंत उडतात, आणि ती हवा आपण श्वासावाटे घेतों. या उडून जाणाऱ्या पदार्थांस ‘व्हीओसी’ असें नांव आहे. पाण्यांत कालवलेल्या इमल्शन रंगांत त्यांचें प्रमाण पुष्कळ कमी असतें. युरोपांत खोलीच्या भिंतींसाठीं असलेल्या पाण्याच्या साध्या रंगांत लिटरमागें ३० ग्रॅमांहून अधिक व्हीओसी असूं नये, असा दंडक २०१० पासून आहे. दुकानदारास हा आंकडा विचारावा. डब्यावर किंवा कारखान्याच्या माहितीपत्रकांत तो असावयास पाहिजे. मात्र एक ध्यानांत ठेवावें, कीं ‘व्हीओसी नाहीं’ हें म्हणणें पुष्कळदां मूळच्या पांढऱ्या रंगापुरतें असतें. दुकानांत त्यांत छटा मिसळली, कीं प्रमाण वाढूं शकतें. फिकी छटा घेण्यांत हाहि एक फायदा आहे. तसेंच न्हाणीघराच्या ‘बुरशीरोधक’ रंगांत बुरशी मारणारें औषध घातलेलें असतें. तें कामाचें आहे. पण म्हणूनच नव्या रंगाच्या खोलींत दोन-चार दिवस दारेंखिडक्या उघडीं ठेवणें अवश्य आहे.

याउलट ‘नैसर्गिक’ या शब्दानेंहि भुलून जाऊं नये. शिसें आणि सोमल यांचा जन्म खाणींतलाच. शेंदूर म्हणजे शिशाचें भस्म, आणि पूर्वीं रंगांत वापरीत ती हरताळ म्हणजे सोमलाचें खनिज. दोन्ही आपल्या परंपरेंतीलच आहेत; म्हणून तीं स्वयंपाकघराच्या भिंतीस लावावीं काय? जुनें तें सर्व निर्दोष आणि नवें तें सर्व विषारी, असा सोपा हिशेब येथें चालत नाहीं. पदार्थ काय आहे, हेंच पाहावें लागतें.

जुन्यांतील एक पदार्थ मात्र या कसोटीस पुरेपूर उतरतो, आणि तो म्हणजे चुना. चुनखडी भट्टींत भाजली, कीं तिच्यांतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विरवून भिंतीस लावला, म्हणजे हवेंतील तोच वायु पुन्हा शोषून घेऊन भिंतीवर त्याचा पातळ दगडच बनतो. त्यांत उडून जाणारें द्रावक नाहीं, प्लॅस्टिक नाहीं. त्याचा थर भिंतीस कोंडीत नाहीं. आंतली ओल बाहेर पडूं शकते. काळ्या दगडाच्या जोत्यावर पांढऱ्या मातीच्या वा भाजक्या विटांच्या भिंती असलेल्या आपल्या जुन्या वाड्यांस तोच मानवतो, याचें कारण हेंच. ताजा चुना अतिशय क्षारयुक्त असल्यामुळें त्यावर बुरशी धरत नाहीं. हा गुण हवेच्या संसर्गानें हळूहळू कमी होतो. म्हणूनच दरवर्षीं नवा हात देण्याची आपल्या वाडवडिलांची चाल होती. ती नुसती सणाची हौस नव्हती.

चुना करण्याची रीति ज्यांच्या घरांत विसरली गेली असेल, त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतें. लोखंडी पिंपांत आधीं पाणी घ्यावें आणि मग त्यांत कळ्या थोड्या थोड्या सोडाव्या. पाणी खळखळां उकळतें. म्हणून मुलांस दूर ठेवावें आणि काम करणारानें डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे घालावे. चुना डोळ्यांत उडाला, तर बराच वेळ भरपूर पाण्यानें धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावें. विरलेला चुना पाण्याखालीं कांहीं दिवस मुरूं द्यावा, फडक्यांतून गाळावा, आणि दुधासारखा पातळ करून त्यांत थोडें डिंकाचें पाणी घालावें. भिंत झाडून ओलसर करावी आणि एक जाड हात देण्याऐवजीं तीन-चार पातळ हात द्यावे. प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. ओला असतां तो कांहींच लागला नाहीं असें वाटतें; वाळतां वाळतां पांढरेपणा उमटतो. घाईनें जाड लावला, तर पोपडे निघतात व अंगास पांढरें लागतें, आणि दोष मात्र चुन्यास येतो!

नुसता पांढरा नको असेल, तर गेरू, काव किंवा पिवडी मिसळावी. हे मातीचे रंग चुन्यांत टिकतात. धुण्याची नीळ चिमूटभर घातली, तर पांढरा अधिक खुलतो. हळद मात्र घालूं नये. चुन्यांत ती लाल होते. घरीं कुंकू केलेल्या प्रत्येकीस हें ठाऊक आहेच. शिवाय तो लालपणा उन्हानें लवकर विटतो.

एवढें असलें तरी चुना सर्वत्र चालत नाहीं. पूर्वीं तैलरंग अथवा प्लॅस्टिक इमल्शन दिलेल्या भिंतीवर तो धरत नाहीं. फोडणीचें तेल तो शोषून घेतो आणि ओल्या फडक्यानें पुसला जातो. त्यामुळें शेगडीमागें व मोरीभोंवतीं, तसेंच न्हाणीघरांत अंगावर पाणी घेतों त्या उंचीपर्यंत, गुळगुळीत टाइल किंवा घोटीव दगड बसवावा. तेथें कोणताच रंग शोभत नाहीं व टिकतहि नाहीं. त्याच्या वरच्या भिंतीस व छतास चुना द्यावा. भिंत आधींच इमल्शनची असेल, अगर वरचेवर पुसावी लागत असेल, तर कमी व्हीओसीचें, धुतां येणारें, फिक्या छटेचें इमल्शन घ्यावें. तें प्लॅस्टिकच आहे, हें खरें. पण ज्या भिंतीवर तें सात-आठ वर्षें टिकेल, तेथें तेंच कमी हानिकारक. दारें-खिडक्यांसहि हल्लीं पाण्याचे एनॅमल रंग मिळतात, ते घ्यावे.

शेणाच्या रंगाविषयींहि पुष्कळ बोललें जातें. खादी व ग्रामोद्योग आयोगानें १२ जानेवारी २०२१ रोजीं ‘प्राकृतिक पेंट’ नांवानें तो बाजारांत आणला. जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेनें तो सिद्ध केला आहे. त्यांत डिस्टेंपर व इमल्शन असे दोन प्रकार असून आरंभीं त्यांची किंमत लिटरास अनुक्रमें १२० व २२५ रुपये होती. शिसें, पारा, सोमल इत्यादि जड धातु त्यांत नाहींत, असें आयोगाचें सांगणें आहे. शेणानें सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या आपल्या पिढीस त्याचें नवल वाटूं नये. परंतु डिस्टेंपर कोणतेंहि असो, तें कोरड्या खोलीसाठीं; न्हाणीघरास देऊं नये. स्वयंपाकघरास घ्यावयाचेंच तर त्यांतील इमल्शन घ्यावें, आणि तेंहि आधीं एका कोपऱ्यांत लावून महिनाभर पाहावें.

शेवटीं दोन शब्द अशांविषयीं, ज्यांचा विचार आपण सहसा करीत नाहीं. आपल्या घरांतील वास आपणांस चार दिवस सोसावा लागतो. रंगाऱ्यास तो वर्षभर, रोज. त्यास चहा देतों त्याप्रमाणें चांगला मुखपट्टा द्यावा, खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि खरवड ओली करूनच काढण्याचा आग्रह धरावा. त्यांत एक दिवस अधिक गेला, तर त्या दिवसाची मजुरी आनंदानें द्यावी. आणि उरलेला रंग मोरींत ओतूं नये. कोल्हापुरांत मोरीचें पाणी जयंती नाल्यास व तेथून पंचगंगेस मिळूं शकतें, आणि नदीच्या खालच्या अंगास राहणारीं माणसें तेंच पाणी वापरतात. कुंचले आधीं कागदावर पुसून मग थोड्या पाण्यांत धुवावे. उरलेला रंग झांकण घट्ट लावून ठेवावा. पुढें दुरुस्तीस तो उपयोगीं पडतो. मोजमाप करून बेताचाच आणला, तर उरणारहि नाहीं.

आमच्या घरीं या सर्वांवर बरीच चर्चा झाली. तरुण मंडळींस गुळगुळीत, पुसतां येणारी भिंत हवी होती. वडील मंडळींस चुना हवा होता. अखेर गेल्या खेपेस संक्रांतीनंतर, भिंती कागद लावून तपासून, कामास आरंभ केला. शेगडीमागें व न्हाणीघरांत खांद्याच्या उंचीपर्यंत टाइल बसविली. वर पिवडीची किंचित् छटा असलेला चुना दिला. माडीवरच्या नव्या स्वयंपाकघरास इमल्शन दिलें. जिन्याचा कठडा धाकट्या दिरांनीं स्वतः उभें राहून ओला करून घेतला आणि मगच त्यावर नवा हात पडला. काम चालू असतां सासूबाई घरींच होत्या. चुन्याचा दुसरा हात वाळत असतांना त्या पाट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसल्या, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, “आतां दिवाळीला मला मिरजेस धाडूं नका.”

वाचकभगिनींनीं आपल्या घरीं रंग काढण्यापूर्वीं एवढेंच करावें : भिंतीस कागद लावून पाहावा, जुन्या रंगाचें वय वडीलधाऱ्यांस विचारावें, आणि दुकानदारास शिसें व व्हीओसी यांचे आंकडे विचारल्याशिवाय डबा उचलूं नये. भिंतीवर लोणा वारंवार कां फुटतो व त्यावर काय उपाय करावे, याचा विचार पुढील महिन्यांत करूं.